मागच्या सीटवरचा बेसबॉल

आज गाडी पुसताना मागच्या सीटवर कुणाचातरी बेसबॉलचा ग्लोव्ह सापडला. तापलेल्या चामड्याचा वास नाकात गेला आणि सौदीतल्या धाहरानमधलं माझं ड्रायव्हरकीचं पहिलं वर्ष आठवलं.

दोन म्हातारे अमेरिकन साहेब मागे बसून एकमेकांवर ओरडत होते. माझी शाळा नववीतच सुटलेली, इंग्रजी कळेना. वाटलं, आपल्याच ड्रायव्हिंगवर तापलेत, नोकरी खलास. गाडी कडेला घेतली आणि हात जोडले. "सॉरी सर, घरी नो सेंड."

"नॉट यू. बेसबॉल," थोरले साहेब खांद्यावर हात ठेवून म्हणाले. सगळ्यांत मोठा खेळाडू कोण, एवढाच वाद होता.

अजून आठवलं की मान खाली जाते. देवमाणसं ती. त्यानंतर माझ्या गाडीत कधी भांडली नाहीत, नुसती खिडकीबाहेर बघत बसायची. परमुलखात त्या वादाचीच काय ती त्यांना गंमत होती.