दोन बॅटऱ्या आणि एक खोटी झोप

गल्लीत त्यांना लहानथोर सगळे ड्रायव्हरकाकाच म्हणत. एकतीस वर्षं त्यांनी रुग्णवाहिका चालवली, आणि त्या एकतीस वर्षांत मागं झोपलेल्या प्रत्येक माणसाला एकच वाक्य ऐकवलं : "आलंच आता. पाचच मिनिटं."

दवाखाना पुढच्या चौकात असो की चाळीस किलोमीटरवर, पाचच मिनिटं. एवढं खोटं कसं बोलवतं, असं कुणी विचारलं तर म्हणायचे, "खोटं कसलं त्यात? माणूस पाच मिनिटं धीर धरतो. अर्धा तास कुणाचा बाप धरत नाही. मग त्या अर्ध्या तासाचे सहा तुकडे करून हातात द्यायचे."

बायको त्यांच्या गाडीत एकदाही बसली नव्हती. न बसलेलंच बरं, असं दोघंही म्हणत.

नोकरी संपल्यावर काकांनी माल वाहायची एक जुनी व्हॅन घेतली आणि दोन वर्षं खपून तिचं घर केलं. फळ्या ठोकून पलंग, पलंगाखाली खण, पायाशी छोटा फ्रिज, एका बर्नरची शेगडी, खिडकीला चादरीचे पडदे. "इतकं मन लावून माझं स्वयंपाकघर केलं असतंत तर," असं म्हणत काकूंनीच त्या पडद्यांत दोरी ओवली.

अशा गाडीत दोन तऱ्हेच्या बॅटऱ्या असतात. एक पुढची, इंजिनाची. रात्री तिला हात लावायचा नाही, नाहीतर सकाळी गाडी जागची हलत नाही. दुसरी मागची. दिवा, पंखा, फ्रिज, सगळं तिच्या जिवावर. इंजिन चालू असलं की ती भरते. तिला काका 'घरची' म्हणत.

"म्हणजे माझ्याच जातकुळीची," काकू म्हणाल्या. "दिवसभर सगळ्यांना पुरायचं आणि राहायचं पलंगाखाली."

तीन-चार फेऱ्या झाल्या. नदीकाठी, डोंगराच्या पायथ्याशी. मग काकूंचा झोपेत श्वास अडकायला लागला. अडकायचा, थांबायचा, आणि बुडालेलं माणूस वर यावं तशा त्या दचकून जाग्या व्हायच्या. डॉक्टरांनी एक मशीन दिलं. नाकावर मास्क, मास्कला नळी, नळीला डबा. डब्यात पाणी भरायचं म्हणजे हवा ओलसर येते आणि घसा सुकत नाही. मास्क चढवला की काकू वैमानिकासारख्या दिसत. रोज दिवा मालवताना काका विचारत, "सुटलं का विमान?" मास्कच्या आतून हुंकार आला की ते कूस बदलत.

पण मशीनला रात्रभर वीज लागते, आणि घरची बॅटरी एकटी. पहिल्याच मुक्कामी पहाटेच्या आत मशीन गप्प झालं. त्यानंतर दीड वर्षं व्हॅन अंगणात उभी होती. आरशाच्या दांडीवर काकू पायपुसणी वाळत घालत.

अशात काकूंच्या ताईचा फोन आला. ताई ऐंशीच्या घरात, तिकडं लांब डोंगरातल्या गावी. तिची नजर चालली होती. आणखी चार-सहा महिने दिसेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

"एकदा येऊन जा," ताई म्हणाली. "दिसतंय तोवर तुझं तोंड बघायचंय."

"अगं, फोनवर बघतेस की."

"पोरं दाखवतात. पण त्यात तू बटाट्यासारखी दिसतेस."

काकू हसल्या. फोन ठेवून मोरीत गेल्या आणि बराच वेळ नळ सोडून उभ्या राहिल्या.

गाडीनं दोन दिवसांचा रस्ता. काका आताशा अंधार पडल्यावर चालवत नसत, म्हणजे वाटेत एक रात्र. आणि ताईच्या गावात वीज असायची पाहुण्यासारखी, आली तर आली. तिथल्या पाच-सहा रात्रीही गाडीतच काढायच्या. जायचं तर मशीन रात्रभर चाललं पाहिजे, नाहीतर जायचं नाही, इतकं साधं गणित होतं.

काका बॅटरीवालीकडं गेले. बाई पन्नाशीची, चष्म्याला दोरी, अ‍ॅप्रनला तेजाबानं पडलेली भोकं. नवरा होता तेव्हाही दुकान तीच बघायची, नवरा फक्त पाटीवर होता.

"दुसरी घरची बॅटरी बसवायची म्हणता," ती म्हणाली. "मग दोन घ्या. एका वयाच्या. जुनी काढून टाका."

"जुनी चालतेय की."

"किती वर्षांची?"

"पाच. साडेपाच."

"चालतेय आणि लंगडतेय यात फरक असतो, काका. आधी ती आणून दाखवा मला. मग ठरवू."

"आणतो की," काका म्हणाले आणि एकच नवी घेऊन घरी आले.

त्यांचंही खरं होतं. ज्या खात्यात आयुष्य गेलं तिथं चालू असलेली वस्तू बदलायची रीतच नव्हती. टायर गुळगुळीत झाला तरी फुटेस्तोवर चालवायचा, सीट फाटली तरी चिकटपट्टी लावायची. चालत्या वस्तूला टाकाऊ म्हणायचं त्यांच्या जिभेवर येत नसे.

दोन दिवस ते व्हॅनमध्ये पोटावर पडून होते. खण रुंद केला. नव्या बॅटरीला खाली रबर घातलं, वरून पट्टा आवळला. जाड वायरी कापून टोकं दाबली. लाल लालला, काळी काळीला. चार्जर लावला. संध्याकाळी मीटरची टोकं टेकवली तर तेराच्या वर आकडा.

"बघ," त्यांनी मीटर काकूंसमोर धरलं.

"मला काय कळतं त्यातलं?"

"तेरा म्हणजे पोट भरलं."

"मग माझंही भरलं," काकू म्हणाल्या.

ती रात्र दोघांनी अंगणातच व्हॅनमध्ये काढायची ठरवली. घर पंधरा पावलांवर असताना दोघं उशा काखेत मारून निघाली, तेव्हा शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "भांडलात की काय पोरांशी?"

"पोरं परदेशी. भांडायला तरी कोण आहे?" काकूंनी उत्तर दिलं.

चार्जर काढला, दिवा मालवला. सुटलं का विमान? हुंकार. काका ओंडक्यासारखे झोपले.

डोळे उघडले तेव्हा पडद्यातून उजेड आला होता. काकू पलंगाच्या कडेला बसलेल्या, केस विंचरलेले, मास्क घडी करून उशाशी.

"झोप लागली?"

"मस्त. कधी उजाडलं कळलंसुद्धा नाही."

काकांना आभाळ ठेंगणं झालं. चहाच्याही आधी त्यांनी ताईला फोन लावला. "परवा निघतोय. तेरवा संध्याकाळी तुमच्या दारात." मग शीळ घालत ते व्हॅनमध्ये आले आणि सहज, सवयीनं, त्यांनी मीटर लावलं.

साडेदहा.

टोकं पुसून पुन्हा लावली. साडेदहाच. साडेदहा म्हणजे बॅटरी आडवी झालेली. जुनीवर हात ठेवला तर आजारी पोराच्या कपाळासारखी गरम.

मग त्यांनी मशीनचा डबा काढून उजेडात धरला. रात्री काठोकाठ भरलेला. मशीन चाललं असेल तर सकाळी तळ दिसतो. पाणी बोटभरच उतरलं होतं. पलंगाच्या खणात काकूंचं विणकाम होतं, ताईसाठी चाललेला स्वेटर. काल झोपताना बाही कोपरापर्यंत आली होती. आता मनगटाला पोचून बंदसुद्धा झाली होती.

काका घरात गेले. काकू ओट्याशी होत्या.

"किती वाजता बंद पडलं?"

"काय?"

"मशीन."

काकूंनी दुधाखालचा गॅस बारीक केला. "अडीचला."

"मला उठवलं का नाहीस?"

"उठवून काय करणार होता? वीज काय तोंडानं फुंकणार होता?" मग आवाज खाली आला. "इतके गाढ झोपला होता तुम्ही. दोन वर्षं बघतेय, माझा श्वास मोजत निम्मे जागे असता. घरात जायला दार सरकवलं असतं तर जागे झाला असता. म्हटलं, एक रात्र झोपेना का हा माणूस."

"आणि मला सांगतेस मस्त झोपले."

"दोन दिवस पोटावर सरपटलात त्या फळीखाली. काय सांगू? शिवाय सात-आठ रात्रींचाच तर प्रश्न आहे. बसून काढीन. ताई दिसतेय तोवर जाऊन येऊ."

"बसून काढणार? एवढ्या रात्री बसून कशा निघतात?"

"पाच-पाच मिनिटं करून," काकू म्हणाल्या. "तुम्हीच नाही का सांगत सगळ्यांना?"

दूध उतू गेलं. दोघंही समोरच उभी होती, पण कुणाचा हात पुढं झाला नाही.

तासाभरात दोन्ही बॅटऱ्या बॅटरीवालीच्या फरशीवर होत्या. तिनं दोघींना वेगळं केलं, थोडा वेळ तशाच राहू दिल्या. मग नाण्यानं जुनीची सहा झाकणं फिरवून उघडली. काचेच्या नळीनं एकेका घरातलं पाणी ओढून बघू लागली. नळीच्या आत एक छोटा तरंगता काटा होता. पाच घरांत तो वर तरंगला. सहाव्यात तळाला बसला.

"हे घर मेलंय. केव्हाचंच."

"पण तेरा दाखवत होतं मीटर."

"चार्जर लावून मोजलंत. पाहुण्यांसमोर सगळीच पोरं शहाणी असतात, काका. पाहुणे गेल्यावर बघायचं." तिनं नळी पुसली. "एका जुवाला म्हातारा बैल आणि खोंड जुंपला, तर नांगर कोण ओढतो? खोंड. वर म्हाताऱ्यालाही तोच ओढतो. तुमच्या नवीनं रात्रभर हिलाच पाजलं. मशीनला काय उरणार? मी म्हटलं होतं, आणून दाखवा."

"म्हटलं होतंस."

"मग?"

"चुकलो," काका म्हणाले. हा शब्द त्यांनी कधी वापरला होता ते बॅटरीवालीलाच काय, त्यांनाही आठवलं नसतं. ती एकदम मऊ झाली. आत जाऊन नवीची जोडीदारीण घेऊन आली. त्याच महिन्याची, त्याच खेपेतली.

"आता नीट बघा. गाडीकडं जाणाऱ्या प्लस-मायनस दोन्ही वायरी एकीलाच लावल्या होत्या ना तुम्ही? तसं केलं की जवळची मरमर राबते, लांबची ऐश करते. गाडीकडं जाणारं प्लस हिचं घ्यायचं, मायनस तिचं. मग दोघींच्या वाट्याला सारखं ओझं."

काकांनी मान डोलावली. पण त्यांची नजर जुनीकडं होती. पहिल्या मुक्कामाला, नदीकाठी, तिच्याच दिव्यात काकूंनी पत्त्यांचे सलग सात डाव जिंकले होते.

"हिचं काय करणार?"

"वितळवतात. नवी होते त्यातून." बॅटरीवालीनं सहा झाकणं एकेक करून लावली. "तिला आता झोपू द्या, काका. खूप जागलीय."

घरी येऊन काकांनी सगळं पुन्हा जोडलं, चार्जर लावला, आणि संध्याकाळी तो काढून तासभर थांबून मग मोजलं. मीटर काकूंना दाखवलं नाही. म्हणाले, "एक ठरवू. तू झोपेचं खरं सांगायचं."

"आणि तुम्ही?"

"मी अंतराचं."

काकूंनी चष्म्यावरून बघितलं. "जमेल तुम्हाला?"

"बघू."

ती रात्रही व्हॅनमध्येच काढली. दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हा विमान अजून हवेतच होतं. काका पाय न वाजवता उठले. पाण्याचा डबा तळाला आला होता. मीटरवर बारा आणि वर थोडं. त्यांनी चहा केला, एकट्यानं घेतला, काकूंसाठी ठेवलेला निवला तेव्हा तोही घेतला. ऊन पायरीवर येईपर्यंत काकू झोपल्या होत्या. उठल्या त्या चिडूनच. "हाक तरी मारायची. निघायचं उद्या, बांधाबांध कोण करणार?"

ठरल्या दिवशी निघाले. वाटेतला मुक्काम पेट्रोल पंपामागच्या मोकळ्या जागेत केला. ट्रकवाले रात्रभर येत-जात होते. सकाळी काकू म्हणाल्या, "एकदा जाग आली. कुणीतरी मोठ्यानं गाणं म्हणत होतं. बेसूर होतं. मग परत लागली." काकांनी डबा बघितला नाही.

दुसऱ्या दुपारी डोंगर दिसायला लागले. रस्ता उखडलेला, व्हॅनमधली भांडी ताल धरून वाजत होती. काकूंनी विचारलं, "किती राहिलं हो?"

"पाच..." काकांच्या तोंडून आपसूक निघालं. त्यांनी गिअर बदलला. "एकशे दहा किलोमीटर. रस्ता असाच आहे. साडेतीन तास धर, चारही होतील."

"बरं झालं सांगितलंत. मग कुठंतरी सावलीला थांबा. तासभर पडते. नाहीतर ताईसमोर पेंगत जायची."

काकांनी झाडाखाली गाडी लावली. मागं मशीन सुरू झाल्याचा बारीक आवाज आला. ते पायरीवर बसून संत्रं सोलत राहिले. तासाचे तुकडे करायची गरज पडली नाही.

पोचले तेव्हा उन्हं कलली होती. ताई दारातच खुर्ची टाकून बसलेली. काकू उतरून समोर गेल्या, तशी ताईनं दोन्ही हातांनी त्यांचं तोंड धरलं, जवळ ओढलं, उजेडाकडं वळवलं. एक गाल, दुसरा गाल. धान्य निवडताना बघावं तसं बघितलं.

"बटाट्यासारखी नाहीस गं," ताई म्हणाली. "आणि डोळ्यांखाली काळंही नाही. झोपतेस वाटतं नीट."

"झोपते."

ड्रायव्हरकाका तेवढ्यात बॉनेट उघडून आत वाकले आणि बराच वेळ तसेच राहिले. इंजिनाला काहीएक झालं नव्हतं.