काकूंच्या कानात मी जे बोलले

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगते आहे, तेही नीट ठाऊक नाही. ऐका — एवढंच.

मी इंदूरच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. शेजारचा देश अतिरेकी पोसत असेल, तर त्याला धाक बसवायचा कसा, हा माझा विषय. हवाई हल्ल्यानं समोरचा खरंच थांबतो, की थोडे दिवस दबून पुन्हा सुरू करतो — यावर मी तासन्‌तास बोलू शकते. माझा धाकटा भाऊ प्रसाद यावर चार वाक्यं सलग बोलणार नाही. पण तो वायुदलात वैमानिक आहे. मग सांगा, लोक कुणाला विचारणार?

आमचे पूर्वज संस्थानाच्या फौजेत होते. घरात त्याचा फार अभिमान. लहानपणी मीही म्हणायची, मी विमान उडवणार. बाबा हसायचे. "बेटा, तू पढाई कर." पुढे प्रसाद तेच म्हणाला, तेव्हा बाबा हसले नाहीत — त्याच्यासाठी कोचिंग शोधायला निघाले. मी काही बोलले नाही. पण न बोललेलं जातं कुठे?

जुन्या इंदुरात आमच्या शेजारी मालतीकाकू राहायच्या. त्यांचा एकुलता एक मुलगा, समीर, उत्तरेत नोकरीला होता. अतिरेक्यांच्या हल्ल्यात गेला. काकू घराबाहेर पडेनाशा झाल्या, जेवण नावाला उरलं. काही आठवड्यांनी आपल्या विमानांनी सीमेपलीकडे जाऊन अतिरेक्यांच्या तळांवर बॉम्ब टाकले. प्रसाद त्यात होता हे त्यानं सांगितलं नव्हतं, पण गल्लीला कळायचं ते कळलं. तो सुट्टीवर आला, तशा काकू स्वतः पोहे करून घेऊन आल्या. त्याच्या चेहऱ्यावरून हात फिरवला. म्हणाल्या, "बेटा, माझा समीर आता शांत झोपला असेल."

मी तिथेच उभी होते. गहिवरून यायला हवं होतं ना? मला काय वाटलं सांगू? या हल्ल्याचा अर्थ कळतो मला — आणि पोहे याला.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खजरान्याला गणपतीच्या दर्शनाला गेलो. रांगेत त्यानं हळूच विचारलं, "ताई, तू शिकवतेस ना हे? त्यांना खरंच जरब बसली असेल?"

"तुला काय वाटतं?"

"मला वरून काय दिसणार? काम करायचं, परत यायचं. ते पुन्हा पोरं पाठवणारच नाहीत का — मला माहीत नाही गं. काकू असं बोलतात तेव्हा भीती वाटते मला. हे नीताला बोललो, आणि तुला. बस."

नीता म्हणजे त्याची बायको.

त्याला देण्यासारखं उत्तर माझ्याकडे होतं. एका हल्ल्यानं धाक बसला की नाही हे लगेच कुणालाच कळत नसतं, वर्षं जावी लागतात. तुला प्रश्न पडतो यात काही चूक नाही — एवढंच म्हणायचं होतं. वर्गात दरवर्षी म्हणते. त्याला नाही म्हटलं. "चल, रांग पुढे सरकली," म्हणाले.

त्या रविवारी मंडळाच्या सभागृहात त्याचा सत्कार होता. सूत्रसंचालक माइकवर इंदुरी थाटात, भैयाचं 'भिया' करत ओरडत होते, "आपले प्रसाद भिया! इंदूरची शान!" मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि या त्यांच्या बहीण." नाव नाही, काही नाही. काकू माझ्या शेजारीच बसल्या होत्या. डोळे भरलेले. "देवमाणूस आहे गं तुझा भाऊ."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "कसला देवमाणूस, काकू? तो स्वतःच घरी म्हणतो — तिथं काही झालंच नाही. नुसता देखावा."

तो असं म्हणाला नव्हता. 'माहीत नाही' म्हणाला होता. या दोन्हींत किती अंतर आहे, हे त्या सभागृहात माझ्याइतकं कुणाला कळत होतं?

शाल अंगावर पडत असतानाच काकू उठल्या. "बेटा, तिथं काहीच झालं नाही? तू घरी असं म्हणालास?"

वायुदलाच्या नियमांमुळे त्याला त्या हल्ल्याबद्दल बोलता येत नव्हतं, आणि खोटं त्याला जमत नाही. तो गप्प उभा राहिला. काकूंनी त्या गप्प राहण्याचा अर्थ लावला. चपला न घालताच बाहेर पडल्या. प्रसाद दोनदा त्यांच्या दारात जाऊन आला, त्यांनी दार उघडलं नाही. पुढे त्या देवासला बहिणीकडे गेल्या, त्या गेल्याच. शेवटपर्यंत परतल्या नाहीत.

सत्काराहून घरी आल्यावर प्रसादनं विचारलं, "ताई, तू बोललीस?"

"मी? मी कशाला बोलेन?"

इथं थांबले असते तरी — पण नाही. त्यानं विचारलंही नव्हतं, आणि मी म्हणाले, "नीता काल काकूंकडे गेली होती ना."

गेली होती ती. पोह्यांचा डबा परत द्यायला. नीतानं शपथा घेतल्या, रडली. तो चिडला नाही, भांडलाही नाही. फक्त तिला काही सांगणं त्यानं बंद केलं.

त्यानंतरही हल्ले झाले, आपली विमानं पुन्हा गेली. मुलं वर्गात विचारतात, "मॅडम, फरक पडतो का?" मी दोन्ही बाजू मांडते. छान मांडते, असं म्हणतात.

नीता कधीतरी फोन करते. "ताई, हे घरी अगदी मुके असतात हो. तुमच्याशी तरी बोलतात का?"

बोलतो. कुठून तरी, कामावरून परतल्यावर, पहिला फोन मलाच करतो. भीती, शंका, सगळं सांगतो. जगात आता एवढी एकच व्यक्ती उरली आहे त्याला विश्वासाची. मी ऐकून घेते. आणि खरं सांगू? मला ते आवडतं.