एका उन्हाचं मटण

आईने जेवण सोडलं तेव्हा मला आधी राग आला. काळजी नंतर आली.

मी एसटीत कंडक्टर आहे. ठाण्याच्या खोपट डेपोतून ड्युटी संपवून शहाडला घरी पोचेपर्यंत पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या असतात. तशात उभं राहून आईसाठी मऊ भात करायचा, मुगाचं वरण घोटायचं, आणि तिने दोन घास घेऊन तोंड भिंतीकडे फिरवायचं. डाव्या अंगावरून वारं गेल्यापासून तिचं बोलणंही जड झालेलं. काय नको ते ती हाताने सांगायची. काय हवं ते सांगतच नव्हती.

धाकटा भाऊ माझ्याकडेच राहत होता. ठाण्याच्या एका मॉलमध्ये थाई जेवणाचं हॉटेल होतं, तिथे तो बरीच वर्षं स्वयंपाकी होता. ते बंद पडलं. त्यानंतर लग्नसराईत केटरिंगची कामं मिळतील तेवढी करायचा, बाकी दिवसभर आईजवळ. तिला उठवणं, बसवणं, अंघोळीला शेजारच्या बाईची मदत घेणं, सगळं तोच बघायचा. मी घरात आले की तो चप्पल घालून बाहेर पडायचा. आम्ही भावंडं एकमेकांशी कामापुरतंच बोलत होतो. भांडण नव्हतं, बोलायला अंगात काही उरतच नव्हतं.

एका संध्याकाळी मी तिच्यापुढे ताटली घेऊन बसले होते. ती माझ्याकडे बघत म्हणाली, "चान्या."

मला वाटलं, चहा म्हणतेय.

"चान्या खायच्यात," ती पुन्हा म्हणाली, यावेळी नीट.

चान्या म्हणजे मोठ्या जनावराच्या मटणाच्या पातळ पट्ट्या, मीठ-हळद लावून उन्हात कडकडीत वाळवलेल्या. गावाकडे आमच्या लोकांत पूर्वी करायचे, मटण रोज मिळायचं नाही म्हणून साठवणीला. हे सगळं मला ऐकून माहीत होतं. शहाडजवळच्या मोहने गावातल्या चाळीत, जिथे आम्ही लहानाचे मोठे झालो, तिथे आमच्या घरात चान्या कधी झाल्या नव्हत्या. वडील कारखान्यात होते, चळवळीच्या सभांना जायचे, आणि गावकीतलं जे जे मागे सोडलं त्यात त्यांनी हेही धरलं होतं. मग आईला ही चव कुठून आठवली, मला कळेना.

भावाला सांगितलं तर तो दारातच थांबला.

"तिला चावणार कसं? दात कुठे आहेत?"

"मलाही तेच वाटतं. पण तिने काहीतरी मागितलंय."

तो आत येऊन खाली बसला. "हॉटेलात आमची मोठी शेफ थायलंडची होती. ती स्वतःपुरतं असलंच काहीतरी करायची, किचनच्या मागे पत्र्यावर वाळत घालून. आपल्यासारखं खडखडीत नाही. फक्त एक ऊन द्यायचं. वरून सुकतं, आत मऊ राहतं. मग तळायचं. तिच्या भाषेत नावच तसं होतं, एका उन्हाचं."

कितीतरी दिवसांत तो एवढं सलग बोलला नव्हता.

"करशील?" मी विचारलं.

"तू मटण आणलंस तर करतो."

साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या दिवशी ड्युटीवरून येताना मी कल्याणला उतरले. गाई-बैलाचं बंद झाल्यापासून मोठ्याचं म्हणजे म्हशीचंच मिळतं, आणि ते सरळ कायद्याने विकतात. तरी दुकानदाराने मटण तीन पिशव्यांत बांधलं आणि म्हणाला, "पावती वर ठेवा ताई, पर्सच्या तळाशी नको." मी ते माझ्या डब्याच्या पिशवीत घातलं, वर मेथीची जुडी ठेवली. शेअर रिक्षात शेजारच्या बाईने मेथी कशी दिली विचारलं. मी भाव सांगितला आणि उतरेपर्यंत पिशवीवरचा हात काढला नाही. गुन्हा केल्यासारखं घरी आले. गुन्हा नव्हता, हे माहीत असूनही.

भावाने मटण धाग्याच्या दिशेने कापलं, करंगळीएवढ्या जाडीच्या लांब पट्ट्या. लसूण, धणे, पांढरी मिरी आणि कोथिंबिरीची मुळं खलबत्त्यात जाडसर कुटली. मुळं मी नेहमी फेकून द्यायची. त्यात सोया सॉस, थोडी साखर आणि एका बाटलीतून चार थेंब फिश सॉस. त्या बाटलीचं झाकण उघडल्यावर घरभर जवळ्यासारखा वास सुटला. आईने नाक वर केलं आणि आमच्याकडे वळून बघितलं. मटणाला मसाला चोळेपर्यंत ती बघत होती.

आता प्रश्न उन्हाचा होता. आमच्या गॅलरीत ऊन येतं ते संध्याकाळी, तेही कोपऱ्यात. गच्चीला कुलूप असतं आणि चावी सेक्रेटरींकडे. माणूस भला आहे. मूळचे कोकणातले, दर उन्हाळ्यात त्यांच्याकडचे बोंबील नि सोडे गच्चीवरच वाळतात. मी वर जाऊन चावी मागितली.

"घ्या की. कुरडया का?"

तेव्हा हो म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण खोटं बोलून मग दिवसभर कोणी वर येईल का याची धास्ती घ्यायची, एवढी ताकद मला नव्हती.

"मटण वाळवायचंय. म्हशीचं. आईने मागितलंय."

त्यांचा चावीकडे गेलेला हात तिथेच राहिला. ते आत बघून हळू आवाजात म्हणाले, "माझं काही नाही हो ताई. पण उद्या कोणी फोटो काढला, ग्रुपवर टाकला, तर मी काय उत्तर देऊ? तुम्हालाच त्रास होईल."

"बरं," मी म्हटलं.

"आईंना बरं वाटू दे," ते म्हणाले. ते मनापासून म्हणाले, यात मला शंका नाही. मी जिना उतरले. रागही येत नव्हता. फ्रीजमध्ये मसाला लावलेलं मटण आणि ते वाळवायला जागा नाही, एवढंच डोक्यात होतं.

"मोहन्याला नेऊ," भाऊ म्हणाला. "मावशीच्या पत्र्यावर."

मोहन्याची आमची खोली कुलूप लावून तशीच होती. आई पडल्यावर आम्ही तिला इकडे आणलं, कारण तिथला संडास गल्लीच्या टोकाला. मावशी म्हणजे शेजारच्या खोलीतली आईची मैत्रीण. सकाळी आम्ही निघायला लागलो तर आई पलंगाच्या कडेला येऊन बसली. उजव्या हाताने साडीचा पदर ओढत होती.

"मी," ती म्हणाली.

"अगं, तिथे तुला नेऊन करू काय? दिवसभर बसवेल का तुला?"

"मी येते."

भावाने तिला पाठुंगळी घेऊन खाली आणलं. रिक्षात ती आमच्या दोघांच्या मध्ये आणि मटणाचा डबा माझ्या मांडीवर.

चाळीत रिक्षा थांबली तशा बायका ओट्यांवरून उठल्या. "जयभीम काकू, जयभीम," करत कोणी खुर्ची आणली, कोणी पाणी. मावशी काठी टेकत आली आणि आईचा लुळा हात हातात घेऊन उभी राहिली. मग डब्यात डोकावली.

"चान्या करता व्हय?"

"चान्यांसारखंच, मावशी. जरा वेगळं आहे," भाऊ म्हणाला. शिडी लावून तो पत्र्यावर चढला, जाळीवर पट्ट्या एकेक सुट्या मांडल्या, वरून मच्छरदाणीचा तुकडा ताणून विटा ठेवल्या. मार्चचं ऊन होतं. पत्रा लवकरच तापला.

मी मावशीजवळ बसले. म्हटलं, "आईने चान्या मागितल्या, मला नवलच वाटलं. आमच्यात कधी केल्याच नाहीत."

मावशी आईकडे बघून हसली. "सांगू का आता?"

आईने मान हलवली. हो का नाही ते मला कळलं नाही, मावशीला कळलं.

"तुझ्या बापाला चालत नव्हतं. म्हणायचा, ते दिवस गेले, ते खाणंबी गेलं. त्याचं खरं होतं बाई. त्याने लई सोसलं होतं गावात. पण हिला आठवण यायची. मग तो कामावर गेला की माझ्या पत्र्यावर वाळायच्या चान्या. डबा माझ्याच घरात ऱ्हायचा. दुपारी आम्ही दोघी चुलीवर भाजून खायचो, भाकरीसंगं. तुम्ही पोरं शाळेत."

"बाबांना कधी कळलं नाही?"

"वास लपतो का? कळलंच असंल. बोलला नाही कधी."

मी आईकडे बघत राहिले. माझ्या डोक्यातली आई म्हणजे वडिलांच्या शब्दाबाहेर न जाणारी बाई. ती खुर्चीत बसून चांगल्या हातात मावशीची काठी धरून पत्र्यावर बसू पाहणाऱ्या कावळ्यांना हाकलत होती. काठी पोचत नव्हतीच, पण कावळे उडत होते. ती दिवसभर बसली. एकदाही झोपायचंय म्हणाली नाही.

ऊन कलल्यावर भावाने जाळी खाली आणली. पट्ट्या वरून काळपट चमकत होत्या, दाबल्यावर आत मऊ लागत होत्या. मावशीच्या शेगडीवर त्याने त्यातल्या काही मध्यम आचेवर तळल्या. सोबत चटणी केली, भाजलेल्या लाल मिरच्या, चिंचेचा कोळ आणि तांदूळ भाजून केलेली पूड. थायलंडकडे चिकट भात खातात. आम्ही आंबेमोहोर जरा जास्त पाण्यात शिजवला. आईसाठी त्याने पट्टी हाताने पिंजून बारीक धागे काढले आणि भातात कालवले.

तिने घास घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. आम्ही सगळे बघत होतो.

"गोड," ती म्हणाली.

"साखर आहे थोडी," भाऊ म्हणाला. "नको का?"

"ह्या चान्या नाहीत."

"नाहीतच. मी म्हटलं होतं ना."

तिने तोंड उघडलं, पुढचा घास मागितला. मग आणखी एक. वाटीतला भात संपला तेव्हा ती म्हणाली, "उरलेलं अजून वाळव. दोन-तीन उन्हं दे." मावशी तोंडाला पदर लावून हसायला लागली. भाऊ उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा त्याने तोंड धुतलेलं दिसत होतं.

दिवेलागणीला मी रिक्षा बोलावली. आई उठेना.

"चल आई. मला सकाळी ड्युटी आहे."

"मी इथं राहते."

"इथे तुझं कोण करणार? संडास किती लांब आहे."

"इथं," ती म्हणाली आणि आमच्या बंद दाराकडे बोट केलं.

मी समजावणार होते. शब्दही तयार होते, गेले वर्षभर तेच वापरत होते. पण मी तिथेच पायरीवर बसले. भाऊ माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, मी राहतो तिच्याजवळ. खुर्चीचा कमोड मिळतो, तो आणू. मावशी आहे, बायका आहेत. तिकडे ती भिंतीशी बोलते दिवसभर."

"आणि जमलं नाही तर?"

"तर परत आणू. तू घरी जाऊन झोप."

खोलीचं कुलूप मावशीनेच काढलं, एक चावी तिच्याकडे होती. आम्ही झाडून घेतलं, गादी टाकली. मी एकटी रिक्षात बसले तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं ते हलकं. ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं, म्हणून आतापर्यंत सांगितलं नाही.

आई पावसाळा सरेपर्यंत मोहन्यात होती. उरलेल्या पट्ट्या वाळवून मावशीने त्यांचा कूट केला आणि आईच्या वरणात घालत राहिली. नंतर नंतर तिला पेजेपलीकडे काही जाईना. ती गेली ती दुपारी, भाऊ जवळ असताना. मी नाशिकच्या गाडीवर होते. फोन आला तेव्हा गाडी घाटात होती. ठाण्याला पोचेपर्यंत मी तिकिटं काढत राहिले, कारण ती काढायला दुसरं कोणी नव्हतं. भाऊ अजून त्याच खोलीत राहतो आणि जवळच्या एका कँटीनमध्ये काम करतो.

त्या महिन्यांतली मला मुख्यतः झोप आठवते. सुट्टीच्या दिवशी मी आईची सेवा करायला म्हणून मोहन्याला जायची. ती मला बघायची, माझ्या पायांकडे बघायची आणि जमिनीवर पसरलेल्या चटईकडे हात करायची. "झोप," म्हणायची. मी उशी न घेताच आडवी व्हायची. बाहेर ओट्यावर बायका तांदूळ निवडत बोलत असायच्या, मध्येच आईचा जड आवाज त्यांच्यात मिसळायचा. काय बोलतायत ते ऐकायचा प्रयत्न करता करता माझा डोळा लागायचा, आणि उठवायला कोणी यायचं नाही.