काकांचं अर्थिंग आणि धावड्याची कॅसेट

माझ्या बायकोच्या काकांच्या मते जगातल्या एकूण एक दुःखाचं मूळ खराब वायरिंगमध्ये होतं. सून रुसली तरी हे आधी फ्यूज बघणार. लोक खिशाला पेन लावतात, काका टेस्टर लावत. लग्नाला गेले की मांडवाच्या लोखंडी खांबाला तो टेकवून बघायचे आणि मगच पंगतीत बसायचे. एकदा व्याह्यांच्या नव्याकोऱ्या कुलरला टेस्टर लावला, दिवा पेटला आणि काका आनंदाने ओरडले, "म्हन्लं न्हवतं!" तो आनंद व्याही अजून विसरलेले नाहीत.

भोकरदनला ते लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करत. सीडीचे दिवस आले तशा जुन्या कॅसेटी कम्प्युटरवरून सीडीवर उतरवून देऊ लागले. एका उन्हाळ्यात मी तिथं असताना जवळच्या धावडा गावच्या एक बाई लेकीच्या लग्नाची कॅसेट घेऊन आल्या. त्यांचे मालक वारले होते आणि त्यांचा आवाज आता एवढ्या एका कॅसेटीतच उरला होता. कॅसेटीला बुरशी लागलेली. "अजून दोनदा चालंल. मंग गेली," काका म्हणाले.

पहिल्यांदा लावली तर चित्रावर आडवे पट्टे सरकायला लागले, आणि गुंऽऽ असा आवाज की नवरदेव काय आणि भटजी काय, सगळे सारखेच घुमत होते! काकांना चेव आला. बाईंची कॅसेट काढून एक रद्दी कॅसेट घातली आणि शोध सुरू. पंखा बंद, ट्यूब बंद, फ्रिज बंद. समोरच्या गिरणीवाल्याला "चक्की थांबव, जल्दी!" म्हणून दामटलं, तर दळणाच्या बायका डबे घेऊन आमच्याच दारात जमल्या. गुंऽऽ तसाच! तेवढ्यात माझा हात कम्प्युटरच्या पत्र्याला लागला आणि मी मुंग्या येऊन किंचाळलो.

"ते रोजचंच हाय. मशीन जित्ती असल्याची खूण हाय ती," असं म्हणता म्हणता काका थबकले, आणि "अर्थिंग!" म्हणून परसात पळाले. मीठ-कोळसा घालून त्यांनीच पुरलेलं अर्थिंग ठणठणीत कोरडं पडलं होतं. माती ओली नसली की चोरटा करंट जमिनीत उतरत नाही; पण नळ आठ-आठ दिवस येत नव्हता, तिथं त्या खड्ड्याला पाणी कोण घालणार? काकांनी सरळ प्यायच्या पाण्याची घागर उचलली.

"येडे झाले का? प्यायचं पाणी भुईत वतून राह्यले!" काकू ओरडल्या.

"भुईतच वतायचं असतंय ते!"

घागर रिकामी करून आम्ही धावत आत आलो. गुंऽऽ गेला होता! पट्टेही गेले होते! काकांनी बाईंची कॅसेट लावली. पंगतीत वाढणारे एक धोतरातले गृहस्थ दिसले. कॅमेऱ्याच्या बाजूला बघत ते स्वच्छ म्हणाले, "तू जेवली का न्हाई गं?"

बाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. "न्हाई अजून," त्या पडद्याला म्हणाल्या, "तुमी बसा अगुदर."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. निम्म्या तालुक्याची लग्नं त्यांनी टिपली, पण कॅमेऱ्यामागे कायम तेच, त्यामुळे त्यांचं चित्र एकाही कॅसेटीत नाही. फारच आठवण आली की मी आमच्या लग्नाची सीडी लावतो. त्यात एका ठिकाणी त्यांचा आवाज येतो, "जावईबापू, हसा की जरा." आणि मी हसतो.