सहावी सही

कुठलीही गुळगुळीत फरशी दिसली की मॅडम आधी चप्पल पुढे सरकवून बघायच्या. बँकेत, लग्नाच्या हॉलमध्ये, अगदी डॉक्टरांच्या दारातसुद्धा. तुम्ही पाहिलं असतं तर तुम्हालाही वाटलं असतं, आता ही बाई पडणार. पडल्या मात्र कधीच नाहीत.

माझी मुलगी प्राची त्यांच्याकडे चाकांचं स्केटिंग शिकायची. पण मॅडमना वेड बर्फावरच्या हॉकीचं, आणि तेही नागपुरात! कोणी हसलं की म्हणायच्या, "नागपुरात बर्फाचा गोळा चालते, मंग हॉकी काहून नाही चालणार?" लोक आणखीच हसायचे.

मी नागपूरजवळ कळमेश्वरच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन सांभाळतो, हे कळल्यावर त्या माझ्या मागेच लागल्या. तिकडे उत्तरेत, डोंगरात मुलींची स्पर्धा होती. संघात निदान सहा मुली हव्यात, प्रत्येकीच्या पालकाची सही हवी आणि यादी सोमवारी पाठवायची. मॅडमकडे मुली होत्या सहाच.

"मायबापाले एकदा बर्फ दाखवू द्या, भाऊ. पाह्यल्याबिगर कोणी सही नाही करत."

मटार ठेवायची खोली नवा माल येईपर्यंत रिकामी होती. स्टोरेजच्या शेठनी ती रविवारपर्यंत वापरायला दिली.

मी आपला पहिल्या दिवशी बादल्याच्या बादल्या ओतून मोकळा झालो आणि बर्फाला ही टेंगळं आली. मॅडमनी सगळं खरवडून काढलं. मग तीन दिवस आम्ही ओल्या पोत्याने थरावर थर चढवत होतो. "लेकराले न्हाऊ घालतो तसं, भाऊ. सावकाश."

रविवारी पालक स्वेटर-मफलर गुंडाळून आले. शेठही आले, हातात नारळ घेऊन. चांगलं काम म्हटलं की नारळ आलाच. कोणी अडवायच्या आत त्यांनी तो नेमका बर्फावर आपटला.

करवंटीच्या ठिकऱ्या खोलीभर उडाल्या. मॅडमचा चेहरा उतरला. त्या गुडघ्यांवर बसल्या आणि उघड्या हातांनी एकेक तुकडा वेचू लागल्या. बोटं लालभडक झाली तरी त्या बर्फावरून तळहात फिरवतच होत्या.

"झालं. उतरा वं पोरीहो."

मॅडमनी मिळवलेले पात्यांचे स्केट्स घालून पाच जणी लडखडत का होईना, फेरी मारून आल्या. एकेक बाप खिशातून पेन काढू लागला. सहावी प्राची. सगळ्यांत वेगाने तीच निघाली. मधोमध तिच्या स्केटचं पातं अडकलं आणि ती हनुवटीवर आपटली. करवंटीचा एक तुकडा राहिला होता. बर्फावर रक्त सांडलं.

प्राची उठली ती हसतच. "पुन्हा जाऊ, बाबा?"

मी तिला उचलून बाहेर आणलं. मटारच्या क्रेटवर कागद ठेवून पाच सह्या झाल्या होत्या. शेठ मान खाली घालून उभे होते. मॅडमनी त्यांचं नावही काढलं नाही.

"चुकी माही आहे, भाऊ. हात मीच फिरवला होता." मग त्यांनी कागद पुढे केला.

"पुढच्या वर्षी पाहू," मी म्हणालो.

त्यांनी आग्रह केला नाही. कागदाची घडी घातली.

आठवड्याने प्राचीचे टाके निघाले तेव्हा माझी भीती ओसरली. पेन घेऊन मी स्केटिंगच्या मैदानावर गेलो. मॅडम एकट्याच स्केट्सची चाकं पुसत बसल्या होत्या.

"द्या कागद, सही करतो."

"मुदत गेली, भाऊ," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "टाके निघाले काय? दुखून तर नाही राह्यलं तिले?"

त्या उन्हाळ्यात मॅडम नागपूर सोडून गेल्या. कुठे गेल्या, कोणाला नीट ठाऊक नाही. त्या मैदानात आता गाड्या उभ्या असतात. प्राचीला कॉलेजला सोडायला मी तिथूनच जातो. मैदान आलं की ती मान वळवून दुसरीकडे बघते. सही का केली नाहीत, असं तिने मला कधीच विचारलेलं नाही. तिने एकदा तरी माझ्याशी कडकडून भांडावं, असं मला फार वाटतं.