गच्चीमावशींचा चंद्रोदय

दहा जानेवारी २०२३, रात्रीचे आठ वाजून एकोणसाठ मिनिटे. मस्तगडातल्या आमच्या गल्लीवर गच्चीमावशींचा आवाज उतरला, "निघालाऽऽ!" आणि समोरच्या ओट्यावरून तलाठीकाकांनी नेहमीचे उत्तर दिले, "वैनी, अजून अकरा मिनिटं हायेत! भुकेपायी चांदाला ढकलून राह्यल्या काय?"

त्या दिवशी अंगारकी होती. गल्लीतल्या निम्म्या घरांत दिवसभर उपवास आणि ओट्यावर मोदकांचे ताट झाकलेले. संकष्टीचा उपवास चंद्र पाहिल्यावर सोडायचा, आणि चंद्र पाहण्याजोगी पूर्वेकडे मोकळी गच्ची आमच्या गल्लीत एकच, मावशींची. त्यांनी वर जाऊन पाहायचे, हाक द्यायची आणि मग खाली दारोदारी पाने मांडायची, असा तिथला रिवाज होता. मावशी मूळच्या टेंभुर्णीच्या. लग्न होऊन मस्तगडात आल्या, त्या महिन्यापासून हे काम त्यांच्याकडे आले. त्यांचे खरे नाव गॅसच्या पुस्तकावर असेल. आम्हाला ते लागले नाही.

मी तेव्हा जालन्यातच एम.एस्सी. करत होते. विषय जीवरसायनशास्त्र, उपवास शून्य. चंद्र निघाला की नाही याच्याशी मला कर्तव्य नव्हते. मला खटकत होता तो दोन वेळांमधला फरक. मावशींची हाक दर चतुर्थीला दिनदर्शिकेच्या आधी येते आणि काका दर चतुर्थीला तेच बोलतात, हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. एकदा चुकणे समजू शकते. दर वेळी एकाच दिशेने आणि जवळजवळ तेवढ्याच मिनिटांनी चुकणारे माणूस बहुधा चुकत नसते. म्हणून त्या रात्री मी मोबाईलवर वेळ टिपून मावशींच्या जिन्याने वर धावले. पाण्याच्या टाकीच्या डाव्या अंगाला तांबूस चंद्र वर आलेला होता. मावशी त्याला अक्षता वाहत होत्या.

"मावशी, हा तर खरंच निघालाय."

"मंग? मी काय खोटं बोलून राह्यले व्हय?" मागे वळूनही न पाहता त्या म्हणाल्या. "थंडीत टाकीच्या डाव्या हातानं येतो, पावसाळ्यात उजव्या. मुंबईवाल्यांना इचारून येत न्हाई तो."

उत्तर त्यांनीच देऊन ठेवले होते. मी फक्त आकडेमोड केली. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. जालना मुंबईच्या पूर्वेला सुमारे तीन अंशांवर आहे. म्हणजे आपल्याकडे चंद्र साधारण बारा मिनिटे आधी उगवणार. दुसऱ्या दिवशी मी काकांच्या भिंतीवरची दिनदर्शिका उतरवून त्यांना दाखवली. तळाशी बारीक अक्षरांत छापलेले होते की वेळा मुंबईच्या आहेत. काका निवृत्त तलाठी. दप्तरात नोंद असेल तर समोरचे शेतही त्यांना नंतर दिसायचे; मावशींच्या हाकेनंतरही त्यांच्या घरी छापील वेळ होईपर्यंत पान वाढत नसत. आयुष्यभर लोकांच्या सातबारावरच्या बारीक नोंदी वाचलेल्या या गृहस्थाने घरातली एक तळटीप वाचली नव्हती. त्यांनी चष्मा पुसला, ती ओळ दोनदा वाचली आणि म्हणाले, "म्हणजे इतकी वर्षं आम्ही बारा मिनिटं फुकट उपाशी बसलो?"

"फुकट कशाला, भाऊ?" मावशी म्हणाल्या. "तेवढं पुण्य मुंबईच्या खात्यात गेलं."

मी वही सुरू केली ती तेव्हापासून. एका रकान्यात छापील वेळ, दुसऱ्यात गणिताची, तिसऱ्यात मावशींना प्रत्यक्ष दिसल्याची. मावशींना त्या वहीचे अपार कौतुक; पण तिसरा रकाना त्या फार काटेकोरपणे सांभाळत. एका चतुर्थीला ढग होते. मी म्हटले, "गणितानं आलेली वेळ टाकते." त्यांनी माझा हात धरला. "दिसला का तुला? न्हाई ना? मंग मोकळं ठेव." ढग असले की त्या गल्लीलाही "निघाला" असे सांगत नसत. "वेळ झालीऽऽ" अशी वेगळी हाक असे, आणि ती ऐकून लोक हात जोडून जेवत. पाहिलेली गोष्ट आणि मानलेली गोष्ट यांच्यासाठी दोन वेगळे शब्द वापरणाऱ्या व्यक्ती मला पुढे प्रयोगशाळांतही फार भेटल्या नाहीत.

देवाविषयी त्यांचे माझ्याशी एकदाच बोलणे झाले. मी देव मानत नाही, हे मी त्यांना मोठ्या तयारीने, वादाच्या आशेने सांगितले. त्या साडीला फॉल लावत होत्या. तोंडात दोऱ्याचे टोक होते. ते काढून म्हणाल्या, "बरं. मोदक तर मानतीस ना?" आणि तेलात तळलेले दोन मोदक माझ्यापुढे सरकवले. वाद तिथेच संपला. शेजारच्या घरी कुणी आजारी असेल तर त्या नवस बोलत नसत; भाकरी करून नेत. "देवाला सांगायचं काम त्यांच्या घरचे करून राह्यले. आपण भाकरीचं बघावं." त्यांच्या श्रद्धेत मागणी अशी मला कधी आढळली नाही. होती ती हजेरी. महिन्यातून एकदा वर जायचे, पाहायचे आणि सांगायचे.

अडचण ही होती की मावशींना मधुमेह होता आणि सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू होते. डॉक्टरांनी उपवास बंद करायला सांगितले होते. मुलगा रागावून झाला, सून रडून झाली. मी आलेख काढून झाले. इन्सुलिन टोचून दिवसभर उपाशी राहिले तर रक्तातली साखर कुठवर उतरू शकते, हे मी त्यांना रंगीत पेनाने काढून दाखवले. त्यांनी आलेख नीट पाहिला. मग शांतपणे म्हणाल्या, "तुझं सगळं बराबर हाय, पोरी. पर जेवलेल्या माणसानं चांद सांगू न्हाई."

इतका वेळ मी चुकीच्या प्रश्नाचे उत्तर देत होते, हे मला त्या वाक्याने कळले. मावशींना उपवास सोडवत नव्हता असे नाही. त्यांना गच्ची सोडायची नव्हती. नवरा गेला, मुलगा बियाण्यांच्या कंपनीत सकाळी जाऊन संध्याकाळी येई, फॉल-पिकोचे कामही डोळ्यांमुळे कमी झाले होते. ज्या एका गोष्टीसाठी अख्खी गल्ली त्यांच्या तोंडाकडे पाहत होती, ती ही हाक होती. उपवास गेला तर हाक गेली. मी त्यांचा जीव वाचवू पाहत होते आणि त्यांच्या दृष्टीने मी त्यांचे कामच काढून घेत होते. यावर मला कोणत्याही पुस्तकात उपाय सापडला नाही. मी एवढेच कबूल करून घेतले की चतुर्थीला चार वाजता आणि आठ वाजता मला बोट टोचू द्यायचे, आणि आकडा सत्तरच्या खाली गेला तर माझे ऐकायचे. "बिलकुल ऐकीन," त्या म्हणाल्या. तो आकडा कधी येणार नाही, याची त्यांना खात्री असावी.

तो त्याच वर्षी श्रावणात आला. आभाळ भरलेले होते. चार वाजता एकशे दोन होते, म्हणून मी निर्धास्त राहिले. ही माझी चूक. सकाळचे इन्सुलिन त्यांनी नेहमीइतकेच घेतले होते, हे मी विचारले नव्हते. सव्वाआठला वर गेले, तर मावशी कठड्याला टेकून बसल्या होत्या. कपाळावर घाम, हाताला कंप. माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "कोण, सुनबाई का?" मी बोट टोचले. चोपन्न.

खाली धावत जाऊन साखरेचे पाणी आणले. त्यांनी ओठ मिटले. त्यांनी दिलेल्या शब्दाची मी आठवण करून दिली नाही, आलेखही सांगितला नाही. मी अक्षरशः ओरडले, "मावशी, प्या!" त्या प्यायल्या, सगळा पेला प्यायल्या. मग भिंतीकडे तोंड करून बसल्या. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजले, एक्क्याऐंशी. हाताचा कंप थांबला होता. सुनेने वर आणलेला भातही त्यांनी चार घास खाल्ला.

तेवढ्यात वेळ टळून गेली. गणिताची गेली, छापील गेली, त्यानंतरही वीस मिनिटे गेली. गल्ली गप्प होती. घराघरांत भिंतीवर दिनदर्शिका होती, हातात मोबाईल होता, आणि तरीही एकही घर जेवायला बसले नव्हते. माझी आई दारात येऊन वर पाहत होती. शेवटी तलाठीकाका रस्त्याच्या मध्यभागी येऊन उभे राहिले.

"वैनी! झोपल्या काय? आवाज द्या की!"

मावशी कठड्याशी आल्या. "भाऊ, तुम्ही जेवून घ्या. मी खाल्लंय."

"काय?"

"खाल्लं म्हनते मी! आता माझ्या सांगण्यात काय राह्यलं न्हाई."

मी खाली वाकून काकांना आकडा सांगितला. काका मधुमेहातले फारसे जाणत नव्हते, पण त्यांनी आयुष्यभर माणसांची भांडणे पाहिली होती. ते म्हणाले, "पोटानं खाल्लं ना? डोळे तर उपाशीच हायेत! अहो, आम्हाला तुमचे डोळे लागतात, वैनी, तुमचं पोट कशाला लागतं? जल्दी करा, माझे मोदक गार होऊन राह्यले!"

कुणीतरी हसले. मग दुसऱ्या दारातून, "मावशी, सांगा ना," मग तिसऱ्या. मावशींनी पदराने तोंड पुसले. आभाळाकडे नीट पाहून घेतले; ढगाला कुठे फट नव्हती. आणि मग पूर्ण आवाजात त्यांनी "वेळ झालीऽऽ" अशी हाक दिली. त्या रात्री मी वहीत चोपन्न आणि एक्क्याऐंशी लिहिले. तिसरा रकाना मोकळा ठेवला.

पुढच्या चतुर्थीपासून मावशी डॉक्टरांनी कमी करून दिलेली मात्रा घेऊन दुपारी भगर आणि संध्याकाळी दूध घेऊ लागल्या. नियम बदलल्याचे कुणी बोलून दाखवले नाही. फक्त काकांनी आपली जुनी थट्टा बंद केली आणि नवी सुरू केली, "वैनी, आज दूध कमी पडलं काय? आवाज बारीक येऊन राह्यला!"

पुढल्या वर्षी मी पीएच.डी.साठी पुण्याला गेले. निघताना मावशींनी उपदेश केला नाही, डब्यात मोदक दिले आणि म्हणाल्या, "तिथं गच्ची हाय का?" पहिल्याच हिवाळ्यात एक प्रसंग घडला. उपकरणातून येणारा आकडा काय असणार हे मला ठाऊक होते. घरी जाण्याची घाई होती. मी तो आधीच नोंदवहीत लिहून टाकला. लिहिल्यावर हात थांबला. मी तो खोडला, खुर्ची ओढून बसले आणि चाळीस मिनिटांनी जो आला तो लिहिला. दोन्हींत फरक किरकोळ होता. माझ्या मार्गदर्शकांनी ती खोडलेली नोंद पाहून, ही शिस्त कुणाकडून शिकलात, असे विचारले. मी म्हटले, शेजारच्या मावशींकडून. त्यांना ती थट्टा वाटली.

मागच्या मार्चमध्ये सुनेचा फोन आला. मावशींची मूत्रपिंडे थकली होती. जालन्यातल्याच एका रुग्णालयात ठेवले होते. मी पोचले त्या दिवशी चतुर्थी होती, हे मला त्यांनीच सांगितले. चेहरा सुजलेला, आवाज अगदी खाली गेलेला. खिडकी पश्चिमेकडे उघडत होती. गेल्या तीन वर्षांचे उपवास मी मोडून काढायला हवे होते का, हा प्रश्न मी प्रवासभर मनात घोळवत आले होते. उत्तर देण्याइतका पुरावा माझ्यापाशी नव्हता. मावशी एकच होत्या आणि दुसऱ्या पद्धतीने जगून पाहण्याची सोय नव्हती. मी तो प्रश्न त्यांनाच विचारला. "तू माझी गच्ची ठिवली," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटून घेतले.

थोड्या वेळाने विचारले, "किती वाजता हाय आज?"

"नऊ वाजून पाच मिनिटांनी," मी हिशोब करून सांगितले.

"ते गणित झालं. खाली जाऊन बघून ये."

मी चार मजले उतरून रुग्णालयामागच्या वाहनतळात जाऊन उभी राहिले. पूर्वेला उंच इमारती होत्या; नऊ वाजून पाच मिनिटांनी तिथे काहीही दिसले नाही. रुग्णांचे दोन नातेवाईक डबे घेऊन गेले, त्यातल्या एका बाईंनी मला विचारले, "ताई, चांद बघून राह्यल्या का? दिसला की मलाबी सांगा, माझी चतुर्थी हाय." मी हो म्हटले. थंड वाऱ्यात मान वर करून उभी राहिले. मग दोन इमारतींच्या फटीत कडा उजळली आणि तो वर आला. मी त्या बाईंना हाक मारली. गल्लीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मारली असावी, कारण रखवालदारही बाहेर येऊन पाहू लागला.

वर गेले तेव्हा मावशींना झोप लागली होती. सुनेने ओठांवर बोट ठेवले. मी त्यांना उठवले नाही. त्या झोपेतून त्या पुन्हा नीट शुद्धीवर आल्या नाहीत; चार दिवसांनी गेल्या, त्यामुळे ती वेळ त्यांना सांगायची राहिली. वही मी पिशवीतून आणलेली होती. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मी त्या रात्रीची ओळ पूर्ण केली होती. त्यानंतर वहीत काही लिहिलेले नाही. तिसऱ्या रकान्यातली नोंद: नऊ वाजून सतरा मिनिटे.