संकासुराने वर पाहिलं

गुणाजीने स्वतःची पाठ कधी पाहिली नव्हती. कुणीच पाहत नाही. पाठ दुसऱ्यांसाठी असते. पण तीन शिमग्यांपूर्वी, पालीजवळच्या एका वाडीत, भर दुपारी, एका घरापुढच्या, माणसांनी भरलेल्या खळ्यात नाचताना त्याने ती पाहिली. तेव्हापासून हा माणूस भिऊन आहे.

तसा तो भिणाऱ्यातला नव्हे. हापूसच्या कलमांवर चढून आंबे उतरवणं हे त्याचं काम. शेंड्याजवळ एक पाय फांदीवर, दुसरा हवेत, हातात आंबे झेलायची जाळीची काठी. खालून बागायतदार ओरडायचा, "गुणाजी, जपून!" हा वरून म्हणायचा, "पडलो तर तुमच्या आंब्यांवर पडंन. माजं काय नाय जायाचं, आंब्याला डाग लागंल." एवढं बोलला की दिवसभराचं बोलणं संपलं. पावसात थोडी भातशेती. मुलगा संदेश मुंबईला कंपनीत, घरी बायको तुळसा. एरवी गुणाजीला वाडीबाहेर फारसं कुणी ओळखत नसे. शिमग्यात मात्र आजूबाजूची सगळी गावं ओळखत, आणि तीही तोंड न बघता.

कारण शिमग्यात सोंगं घेऊन घरोघर नाचणाऱ्या खेळ्यांमधला संकासुर तो नाचायचा. अंगात काळा झगा, कमरेला घुंगरांचा पट्टा, हातात दोरखंड, आणि डोक्यावर काळ्या कापडाची उंच टोपी, जी तोंडावरून खाली छातीपर्यंत येते. तिला बघायला दोन भोकं आणि पांढऱ्या सुताची दाढी. त्याच्या वाडीत संकासुराचा मान गुणाजीच्या घराकडे होता. आजा, बाप, मग तो. रीत साधी. टोपी चढली की संकासुर बोलत नाही. त्याला माणसाच्या नावाने कुणी हाक मारत नाही. आणि टोपी ज्याने घातली त्यानेच देवीचं नाव घेऊन उतरवायची. दुसऱ्याने हात लावायचा नाही.

त्या दुपारी टोपीच्या आत नेहमीचा अंधार होता. गरम श्वास, गेल्या वर्षीच्या घामाचा वास. भोकांतून दिसेल तेवढंच जग: एक घाबरलेलं पोर, कुणाचा तरी पाय, धोंडूच्या मृदंगाची एक बाजू. धोंडू हा खेळ्यांचा म्होरक्या, मृदंग त्याचाच. त्याने लय वाढवली. गुणाजीने गिरकी घेतली, आणि भोकं गेली.

सगळंच दिसायला लागलं. कौलं दिसली, कौलांवर पडलेली फणसाची पानं दिसली. बायकांच्या अंबाड्यांतली अबोली दिसली. मधोमध कुणीतरी काळं नाचत होतं. त्याच्या डाव्या खांद्याखाली झगा उसवला होता आणि तांबड्या दोऱ्याने शिवला होता. ही कुणाची पाठ, असं गुणाजीच्या मनात आलं. मग कळलं.

झाडावरून असंच दिसतं, हे त्याला ठाऊक होतं. पण झाडावर हाताखाली फांदी असते. इथे फांदी नव्हती. धरायला गेला तेव्हा कळलं, हातही नव्हता.

खालचा नाचत होता. त्याचं कुणावाचून अडलं नव्हतं. पाय पडायचे तिथेच पडत होते, दोरखंड फिरत होता, पोरं किंचाळत होती. मग तो एकाएकी थबकला. उंच टोपी मागे कलली. दोन भोकं वर वळली आणि गुणाजी जिथे होता, बरोबर तिथे येऊन थांबली.

धोंडूने शेवटची थाप मारली. गुणाजी पुन्हा टोपीच्या अंधारात होता.

"काय खाल्लं व्हतंस रं गुण्या?" टोपी उतरल्यावर धोंडूने त्याच्या पाठीत धपाटा घातला. "असा संकासुर माज्या जन्मात बगला नाय. तुजा बाप पन असा नाय नाचला."

गुणाजीला तो धपाटा लागला नाही. शब्द लागले. आयुष्यभर जसं नाचायचं म्हणून तो घाम गाळत होता, तसं नाचून झालं होतं, आणि तेव्हा तो तिथे नव्हता.

घरी आल्यावर त्याने तुळसाला विचारलं, "झग्याला मागनं तांबडा दोरा घातलायस?"

"काळा संपला व्हता," ती भाकरी थापता थापता म्हणाली. "कोन बगतंय तुमची पाठ?"

झगा सकाळी तिनेच मागून अंगावर चढवला होता. दोरा त्याने पाहिलेला नव्हता. म्हणजे भास नव्हता. भास असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शिमग्याला घरी आलेल्या संदेशने मोबाइल पुढे धरला. त्याने सगळा नाच टिपला होता. "बाबा, हितं बगा. हितं तुमी वर कशाला बगितलात? लोकं हसून हसून मेली."

मोबाइलमध्ये संकासुर थबकला होता. टोपी मागे कलली होती. तो कौलांच्या वर, रिकाम्या हवेकडे बघत होता, कुणीतरी ओळखीचं दिसावं तसा. गुणाजीने फोन उलटा ठेवला. पालीच्या डॉक्टरने रक्तदाब मोजला आणि उन्हात पाणी जास्त प्या म्हणून सांगितलं. गुणाजी पाणी प्यायला लागला.

पुढच्या शिमग्याला तो स्वतःला आत धरून नाचला. दातांखाली जीभ, मुठीत नखं रुतवलेली. गिरकी आली की अर्ध्यात सोडायचा. पोरं घाबरेनात. एक पोरगी तर जवळ येऊन दाढी ओढून गेली.

"संकासुर हायस का मीटर बगायला आल्याला मानूस?" धोंडू सगळ्यांदेखत म्हणाला.

संदेश हसला नाही. घरी येताना हळूच म्हणाला, "बाबा, तुमी थकलाव. पुढच्या वर्साला टोपी मी घालतो."

गुणाजी रस्त्यातच उभा राहिला. टोपीच्या आत काय आहे हे त्याला माहीत नव्हतं. पण ते पोराच्या अंगात शिरलेलं, आणि पोर कुठेतरी वर, बिनहातांचं, हे त्याला दिसलं. "मी अजून मेलो नाय," तो म्हणाला.

मग त्याने तुळसाला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली. तिने वेड्यात काढलं नाही, हेच त्याला जास्त भीतीचं वाटलं.

"मी गेलो ना, तर मला नावानं हाक मार."

"तुमचं नाव? मी?" लग्नात उंबरठ्यावर उखाण्यात घेतलं तेवढंच, त्यानंतर ते नाव तिच्या तोंडात आलं नव्हतं. "आनि संकासुराला हाक? देवी काय म्हनंल?"

"देवीचं मी बगतो. तू माजं बग."

"तुमी गेलाव ते मला कसं कळंल?"

"तो वर बगंल."

गेल्या शिमग्याला खेळे आपल्याच वाडीत फिरत गुणाजीच्या खळ्यात आले. सारवलेली जमीन, नवा मांडव, मुंबईकरांची गर्दी. तुळसा पडवीच्या खांबाला धरून उभी. पहिल्या दोन गिरक्या गुणाजीने जपून घेतल्या. तिसरी त्याने घेतली नाही. ती घेतली गेली.

स्वतःच्या घराची कौलं त्याला वरून दिसली. एक कौल फुटलं होतं, ते बदलायचं राहिलं होतं. खाली नाच असा रंगला होता की धोंडूचे डोळे मिटले होते. आणि टोपी मागे कलली.

"गुणाजी!"

तुळसाचा आवाज फाटला होता. धोंडूचा हात मृदंगावरच थांबला. मागच्या खेपेला मृदंग थांबला तेव्हा गुणाजी आत आला होता. या खेपेला आला नाही. तो वरच राहिला.

काळा माणूस सावकाश तिच्याकडे वळला. "ओ," तो म्हणाला.

आवाज गुणाजीचाच होता. मागे कुणीतरी हसलं, मग तेही थांबलं. संकासुर बोलला, हे ऐकून म्हाताऱ्यांनी हात जोडले. तो मी नव्हे, असं सांगायला वरच्या गुणाजीला तोंड नव्हतं.

पण तुळसाला सांगावं लागलं नाही. लग्न झाल्यापासून तिने 'अवो' म्हटलं की हा माणूस 'काय गो' म्हणत आला होता. 'ओ' कधीच नाही. ती अनवाणी खळ्यात उतरली, दोन्ही हातांनी टोपी धरली आणि सगळ्या वाडीदेखत ओढून काढली. दाढीचं सूत तुटून तिच्या बोटांत आलं.

तेव्हा गुणाजीने वरून स्वतःचं तोंड पाहिलं. डोळे उघडे होते. ओठ अजून त्या 'ओ'वर गोल होते. आत कुणी राहत असल्याची खूण नव्हती.

मग डोळ्यांत ऊन घुसलं. तो जमिनीवर बसला होता आणि तुळसाने त्याचे केस मुठीत घट्ट धरले होते.

"काय गो," तो म्हणाला.

ती रडायला लागली.

संध्याकाळी पालखी बसते त्या सहाणेपाशी वाडी जमली. धोंडू जमिनीकडे बघत बोलला, "बायकोनं संकासुराची टोपी काढली. मान गेला गुण्या तुज्या घरातला. मी नाय बोलत, रीत बोलते." संदेश उठायला लागला तसं गुणाजीने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. टोपी खेळ्यांतल्याच एका पोरग्याच्या, अनिलच्या घरी गेली. संदेश आईशी न बोलता मुंबईला गेला. तुळसाने ते सोसलं. पोर वाचलं, नवरा वाचला, असा तिचा हिशेब होता.

तेव्हापासून रोज सकाळी चहाचा कप पुढे करताना ती म्हणते, "गुणाजी." आणि कप हातात धरून ठेवते. तो "काय गो" म्हणाला की मगच सोडते. वाडीतल्या बायका चेष्टा करतात, तुळसाला म्हातारपणी नवरा नवा झाला म्हणतात. ती हसते. कप मात्र सोडत नाही.

या शिमग्याला खेळे आले तेव्हा गुणाजी पडवीत बसून होता. अनिल नाचत होता. पोरगा ताकदीचा, पण नाच बेताचाच. एका गिरकीत तर पडता पडता वाचला. गुणाजीचे खांदे सैल झाले. असाच नाचू दे बाबा, तो मनात म्हणाला. असाच वाईट नाच.

धोंडूने लय वाढवली. अनिलचे पाय एकदम हलके पडायला लागले. दोरखंड हवेत सुटला आणि त्याच्याच हातात परत आला. बायका मागे सरल्या.

मग संकासुर थबकला. गुणाजी टोपी मागे कलण्याची वाट बघत होता. ती कलली नाही. ती वळली. दोन भोकं खळ्यातल्या माणसांवरून सरकत पडवीपर्यंत आली आणि गुणाजीवर थांबली. ओळखीचा माणूस खालीच सापडल्यासारखी, वर कुणालाच शोधायची गरज नसल्यासारखी.

शेजारी उभी असलेली तुळसा हळूच म्हणाली, "गुणाजी."

मृदंग वाजत होता, तरी त्याला ऐकू आलं. त्याने गुडघ्यांवरच्या आपल्या हातांकडे पाहिलं. ते तिथेच होते. तो ते बराच वेळ बघत राहिला.

तुळसाने पुन्हा नाव घेतलं. 'काय गो' यायला या खेपेला उशीर लागत होता.